कमी तापमानाच्या जाळ्यावर चालणारा हीट पंप: वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या इमारतीतील खोल्या तापवणे आणि थंड करणे, ही दोन्ही कामे आता परिसराच्या सामायिक भूमिगत जाळ्यावर चालतात. जाळ्यातून येणारे पाणी सुमारे 12 अंश सेल्सिअसचे असते आणि त्यातली उष्णता काढून घेऊन इमारतीतले पाणी हवे तितके गरम करण्याचे काम तळघरातला हीट पंप करतो. यंत्र भक्कम आहे, आवाजही फारसा नाही. खरे कौतुक आहे ते पुरवठादाराच्या तंत्रज्ञांनी केलेल्या जुळणीचे.

सुरुवातीला यंत्र 55 अंशांचे पाणी देत असे. 12 अंशांवरून 55 अंशांवर जाताना कार्यक्षमता गुणांकाची (खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळते त्या आकड्याची) सैद्धांतिक कमाल मर्यादा साधारण 7.6 येते, तेच पाणी 35 अंशांवर थांबवले, तर ती 13.4 पर्यंत जाते. प्रत्यक्षातले यंत्र या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास पोहोचते, तरीही दोन्हींमधले प्रमाण बहुतांशी टिकून राहते. म्हणून तंत्रज्ञांनी काँप्रेसरला हातही न लावता आधी खोल्यांच्या फरशीखालच्या नळ्यांमधला प्रवाह खोलीनिहाय संतुलित केला आणि बाहेरच्या हवेनुसार पुरवठ्याचे तापमान आपोआप खाली येईल अशी व्यवस्था केली. हा क्रम मला अगदी योग्य वाटला.

त्यांनी गाळणी उघडून दाखवली तेव्हा जाळी काळपट गाळाने भरलेली होती. असा गाळ उष्णता विनिमयकाच्या (पाणी न मिसळता एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला देणाऱ्या भागाच्या) पत्र्यांवर बसला की दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक वाढतो आणि तेवढे अंश काँप्रेसरला वीज खर्चून भरून काढावे लागतात. पाणी खोल्यांत न जाताच परत वळवणारा, सतत उघडा राहणारा एक बायपास व्हॉल्व्हही त्यांनी बंद केला, त्यामुळे विनाकारण फिरणारे पाणी कमी झाले. अभिसरण पंपाचा प्रवाह निम्मा झाला, तर त्याला लागणारी वीज आदर्श स्थितीत आठव्या हिश्श्यावर येते. अर्थात हीट पंपाच्या बाष्पकात, म्हणजे जाळ्यातल्या पाण्याची उष्णता काढून घेणाऱ्या भागात, पाणी गोठू नये इतका प्रवाह राखावाच लागतो, आणि ती मर्यादा त्यांनी काटेकोरपणे पाळली.

उन्हाळ्यात बऱ्याचदा काँप्रेसर बंदच असतो, कारण जाळ्यातले थंड पाणी विनिमयकातून थेट छतातल्या नळ्यांना गारवा देते. खोल्यांतून काढलेली उष्णता जाळ्यात परत जाते आणि त्याच वेळी गरम पाणी हवे असलेल्या शेजारच्या इमारतीला ती उपयोगी पडते. नेदरलँड्समधील हेर्लेन येथे बंद पडलेल्या कोळसा खाणींतल्या पाण्याच्या आधारे अशीच देवाणघेवाण चालते. हवा दमट असली, की मात्र छतावर दव धरू नये म्हणून पाणी फार थंड ठेवता येत नाही.

नळाच्या गरम पाण्याची सोय मला कमी पडलेली वाटते. लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून साठवलेले पाणी 60 अंशांच्या आसपास ठेवावे लागते आणि तेवढ्यासाठी मुख्य यंत्रालाच वारंवार वर चढावे लागते. त्या कामासाठी छोटा स्वतंत्र बूस्टर हीट पंप मुळातच द्यायला हवा होता. शिवाय परतीच्या पाण्याचे तापमान ग्राहकाला पडद्यावर दिसत नाही. ही सेवा मी निश्चितच सुचवेन, मात्र करार करताना या दोन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.