सायलेन्सरची काजळी: बंपरला एक औषध, नळीला दुसरं

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत बादल्या, पाईप आणि गाड्या यांची एकच गर्दी असते. काच, बॉनेट, चाकं सगळं लख्ख होतं. मग कुणीतरी मागं जाऊन वाकतं आणि म्हणतं, "भावा, हे काय जाईना." पांढऱ्या बंपरवर, सायलेन्सरच्या तोंडाशी, पंख्यासारखा पसरलेला काळपट-पिवळा डाग! लगेच सल्ले सुरू होतात. रॉकेल लाव, थिनर लाव, पितांबरी घे, टूथपेस्ट घे. एकानं तर संडास धुवायचं ॲसिड सुचवलं होतं.

यातलं काय निवडायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. बंपर आणि सायलेन्सरची नळी ही दोन वेगळी कामं आहेत. बंपर म्हणजे प्लॅस्टिक, त्यावर रंग आणि रंगावर पारदर्शक लॅकर, तेही माणसाच्या केसाहून पातळ. नळी धातूची. तिला घासलेलं बऱ्यापैकी सोसतं. बंपरवरचा डाग मात्र आधी विरघळवून सुटा करायचा, घासणं अगदी शेवटी.

बंपरपासून सुरुवात करू. रॉकेल हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा हुकमी उपाय, आणि तो खोटा नाही. काजळी म्हणजे कार्बन आणि त्याला धरून बसलेलं अर्धवट जळालेलं तेल. रॉकेलात ते तेल सुटतं. पण मागं तेलकट थर राहतो, असलेलं वॅक्स निघून जातं आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून दोन फेऱ्या मारल्या की त्या जागी धुळीचा नवा लेप बसतो. शिवाय आता रॉकेल मिळवणंच डाग काढण्यापेक्षा अवघड झालंय. थिनर तर घेऊच नका. कंपनीचा रंग कदाचित क्षणभर सोसेल, पण बंपर हा गाडीचा सगळ्यात आधी ठोकला जाणारा आणि म्हणून सगळ्यात जास्त वेळा रंगवला जाणारा भाग. गॅरेजमध्ये मारलेल्या रंगावर थिनर पडला की चकाकी गेली म्हणून समजा. पेट्रोलबद्दल बोलायलाच नको, आगीशी खेळ आहे तो.

माझी पसंती कार ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणाऱ्या डिग्रीझरला, म्हणजे ऑल पर्पज क्लीनरला. एक भाग क्लीनर, दहा भाग पाणी. गाडी सावलीत आणि थंड हवी. आधी साध्या पाण्यानं धूळ उतरवा, मग फवारा मारून एक-दोन मिनिटं थांबा. वाळू द्यायचं नाही, वाळलं की त्याचेच डाग पडतात. मायक्रोफायबरनं हलक्या हातानं पुसा, भरपूर पाण्यानं धुवा आणि कोरडं करा. बोअरचं पाणी असेल तर कोरडं करणं विसरू नका, नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढरे ठिपके येतात. ताजी काजळी एवढ्यात जाते. कार शाम्पू यापेक्षा सौम्य. दर पंधरवड्याला गाडी धुणाऱ्याला तेवढाच पुरतो, वर्षभराच्या डागाला नाही.

काळं गेलं आणि पिवळटपणा राहिला, तरच रबिंग कंपाउंड. तेही बारीक जातीचं, हातानं, नखाएवढं घेऊन. कंपाउंड डाग पुसत नाही, लॅकरचा वरचा पापुद्रा खरवडतो. म्हणून दर महिन्याला करायचं हे काम नव्हे. बंपरचा खालचा खरबरीत, न रंगवलेला काळा भाग असेल तर तिथं कंपाउंड किंवा वॅक्स लागूच देऊ नका. त्याच्या रेघांत पांढरी पूड बसते आणि ती काढायला टूथब्रश घेऊन बसावं लागतं (हे अनुभवाचे बोल). टूथपेस्ट म्हणजे गरिबाचं कंपाउंडच, फक्त तिचा कण किती खरखरीत आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

डागाच्या जागी प्लॅस्टिक वाकलेलं किंवा फुगलेलं दिसत असेल, तर तो डाग नाही, उष्णतेनं भाजलंय. कुठल्याच बाटलीनं जाणार नाही. खाली वाकून सायलेन्सर टांगणारे रबर बघा. ते लोंबले की नळी बंपरला खेटते. आपल्या रस्त्यांवर हे व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

आता नळी. ती कशाची आहे यावर सगळं ठरतं. चुंबक लावून स्टेनलेस ओळखायची जी युक्ती सांगतात ती इथं फसते, कारण सायलेन्सरला वापरतात त्या बऱ्याचशा स्टेनलेसला चुंबक चिकटतोच. डोळ्यांनीच ओळखा. आतून-बाहेरून एकसारखी चकाकी असेल तर बहुधा स्टेनलेस. बाहेर आरसा आणि काठाशी पापुद्रे किंवा गंजाचे ठिपके असतील तर क्रोमचा मुलामा. हल्ली बंपरमध्येच बसवलेली शोभेची प्लॅस्टिक नळीही असते. तिला शाम्पू-पाण्यापलीकडे काही नको.

स्टेनलेसला सगळ्यात बारीक, म्हणजे चार शून्याची, स्टील वूल आणि ट्यूबमधलं मेटल पॉलिश. आधी डिग्रीझरनं काजळी काढा, मग पॉलिश. तापून आलेला निळा-सोनेरी रंगही त्यानं उतरतो. क्रोमला नुसतं पॉलिश आणि मऊ फडकं. गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमच्या फॉईलची पाण्यात भिजवलेली गोळी फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं ओरखडे पडत नाहीत. पितांबरी देवाच्या तांब्यापितळेलाच राहू द्या. संडासच्या ॲसिडात असतं हायड्रोक्लोरिक. त्यातलं क्लोराइड स्टेनलेसलासुद्धा बारीक खड्डे पाडतं. शहरातल्या एका वॉशिंग सेंटरवर माझ्या क्रोमच्या टोकाला असंच काहीतरी झणझणीत लावलं होतं. त्या दिवशी झकास दिसलं. आठवड्यात दुधाळ झालं.

तुमची नळी साधी लोखंडी, खाली वाकलेली, कुणाला न दिसणारी असेल, तर पॉलिशवर पैसे घालू नका. तारेचा ब्रश मारा आणि उष्णता सोसणाऱ्या रंगाचा स्प्रे द्या.

मग घरी करायचं की बाहेर? डिग्रीझर, पॉलिश आणि दोन फडकी एवढं सामान चौघांच्या मिसळीच्या बिलाच्या आसपास येतं आणि वर्षभर पुरतं. साध्या फोम वॉशला जाऊन हा डाग निघत नाही, तिथं सगळ्या गाडीवर एकच स्पंज फिरतो. डिटेलिंगवाल्याकडं मशीन पॉलिशला जावं ते फक्त पिवळटपणा हातानं हटला नाही तर. आणि टोक क्लॅम्पनं बसवलेलं, स्टेनलेसचं आणि फारच उतरलेलं असेल तर ते खोलून कोल्हापुरातल्या उद्यमनगरात बफिंगला द्या. कापडी चाकावर जी चमक येते ती हातानं कधीच येत नाही.

घरी करणार असाल तर हातमोजे घाला. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलंय, आणि डिझेल गाडीची काजळी त्याच धुराची. काम झाल्यावर बंपरच्या त्या वीतभर जागेला वॅक्स लावा. पुढच्या वेळी शाम्पूनंच निघेल.

एक तपासणी मात्र बाटली उघडण्याआधीच करा. थंड नळीच्या आत हातमोजा घातलेलं बोट फिरवा. कोरडी, भुकटीसारखी काजळी असेल तर फार घाबरायचं कारण नाही. रोज शहरातल्या शहरात, राजारामपुरी ते बावडा एवढंच चालणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापत नाही आणि नळी थोडी काळी होतेच. जुन्या डिझेलला एअर फिल्टर आणि इंजेक्टर दाखवून घ्या. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या, डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तिची नळी आतून जवळपास स्वच्छच राहायला हवी. काळी होत असेल तर त्या फिल्टरकडं बघावं लागेल. आणि बोटाला चिकट, ओलसर, तेलकट काळं लागलं, सकाळी निळसर धूरही निघत असेल, तर डिग्रीझर विकत घेऊ नका. ते पैसे खिशात ठेवा आणि गाडी मिस्त्रीकडं न्या.