भाड्याची डीव्हीडी कॉपी करायची की पुन्हा भाड्याने आणायची?

पिक्चर बघायला वेळच मिळाला नाही आणि उद्या डिस्क परत द्यायचीय, मग वाटतं मारावी एक कॉपी आणि बघू नंतर निवांत. पण भाडं आपण बघायचं देतो, कॉपी ठेवायचं नाही, आणि डीव्हीडीला बहुतेक वेळा सीएसएस नावाचं लॉक असतं, अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने ते तोडणंच बेकायदेशीर, घरात एकट्याने बघायला असलं तरी. काही जण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९८४ चा, बीटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरबद्दलचा निकाल पुढे करतात, पण तो टीव्हीवरचा फुकट कार्यक्रम नंतर बघायला रेकॉर्ड करण्याबद्दल होता, भाड्याच्या डिस्कचा त्यात विषयच नव्हता, हे प्लीज लक्षात घ्या. शिवाय मूळ डिस्क अनेकदा दोन थरांची, ८.५ जीबीची, आणि साधी कोरी डिस्क ४.७ ची, मग पिक्चर दाबून बसवावा लागतो आणि अंधाराच्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसतात.

परत भाड्याने आणली तर पुन्हा पैसे जातात, खरंय, चक्करही पडते. पण प्रिंट स्वच्छ आणि डोक्याला ताप नाही. मी तरी सरळ मुदत वाढवून मागतो, आणि पिक्चर परत परत बघण्यासारखा असेल तर विकतच घेतो.