कार्बन की टायटॅनियम? यवतेश्वरच्या घाटात नऊ महिने

आधी वजनाचं उरकते, कारण सगळे तेच विचारतात. माझ्या जुन्या सायकलची कार्बन फ्रेम 960 ग्रॅम, नवीची टायटॅनियमची 1450. दोन्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोलल्या. फरक 490 ग्रॅम, म्हणजे कंदी पेढ्यांचा अर्ध्या किलोचा बॉक्स. मी, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून 71 किलोच्या आसपास भरतो. साताऱ्यात समर्थ मंदिरापासून यवतेश्वरला चढायला मला 32 मिनिटं लागतात. चढावर वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे त्या बॉक्सचे झाले 13 सेकंद. वर पोचल्यावर दम खात मी त्याहून जास्त वेळ उभी असते. शर्यतीच्या सायकलींनासुद्धा जागतिक संघटनेने 2000 सालापासून किमान 6.8 किलोची अट घातली आहे. आपण सातारकरांनी ग्रॅम मोजत बसू नये.

कार्बनची सायकल मी चार वर्षं चालवली आणि मनापासून चालवली. गेल्या वर्षी सप्टेंबरात कासच्या रस्त्याला चहासाठी थांबले आणि ती दगडी कठड्याला टेकवून ठेवली. वाऱ्याचा एक झोत आला, सायकल आडवी झाली आणि वरची नळी बरोब्बर दगडाच्या कोपऱ्यावर आपटली. बाहेरून पाहिलं तर नखाएवढा ओरखडा. घरी येऊन रुपयाच्या नाण्याने नळी वाजवत गेले. सगळीकडे खणखणीत, आणि त्या दोन इंचांत मात्र फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज. आतले थर सुटले होते. घाटात शंभर वेळा जोर लावला तरी ज्या नळीला काही होत नाही, ती पातळ नळी आडव्या टोल्याला अशी दगा देते.

कार्बन तडकली की भंगार, असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. खराब भाग घासून काढतात, त्यावर कार्बनच्या कापडाचे नवे थर रेझिनने चढवतात, पक्कं होतं. माझी फ्रेम बाहेरगावी पाठवून दुरुस्त करून आणली आणि आज ती भाची कराडला चालवते. फक्त त्या महिन्याभरात मला माझ्या घराचा बोळ नव्याने दिसायला लागला. सायकल जिथे उभी असते तिथे दोन स्कूट्या, पाण्याचा पिंप आणि रविवारी पोरांचं क्रिकेट. रात्री काही पडल्याचा आवाज आला की मी उठून बघायची.

तरी टायटॅनियम घेण्याचं खरं कारण वेगळंच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. कार्बनची फ्रेम साच्यातून निघते, साचा महाग असतो, म्हणून कंपन्या ठरावीक मापंच काढतात. सगळ्यात लहान माप घेऊनही हँडल लांब पडायचं. मग मी 70 मिलीमीटरचा आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, लावला, तर उतारावर हँडल चळायला लागलं. टायटॅनियमच्या नळ्या कापून जोडतात, त्यामुळे सांगाल त्या मापाची फ्रेम होते, शिंप्याकडे ब्लाउज शिवावा तशी. मी मापं पाठवली, चार महिने थांबले, आणि काटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) व सीमाशुल्क धरून दोन लाखांच्या वर पैसे गेले. हा आकडा घरात पूर्ण सांगितलेला नाही. आता स्टेम 90 चा आहे आणि यवतेश्वरच्या वळणांवर हात आवळून धरावे लागत नाहीत. पैसे इथे वसूल झाले.

काटा मात्र कार्बनचाच आहे. बहुतेक टायटॅनियम रोड बाईकना तोच असतो. त्यामुळे ‘मला कार्बनवर भरवसा नाही’ म्हणून टायटॅनियम घेणारे आपले पुढचे दात कार्बनच्याच हवाली करून निघतात.

आता ‘मऊ चाल’. पहिला महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होते की टायटॅनियम म्हणजे लोणी. बोगद्यातून सज्जनगडाकडे जाताना खड्डे जाणवतच नाहीत, वगैरे. मग भाची गणपतीला आली तेव्हा दोन्ही सायकली अंगणात उलट्या केल्या आणि चाकं बदलून बघितली. नव्या सायकलला 32 मिलीमीटर रुंदीचे टायर होते, हवा 48 पीएसआय. जुनीत 28 च्या वरचा टायर बसतच नाही, तिच्यात हवा 60. दोघींवर एकच 28 ची जोडी आळीपाळीने लावली, हवा एकाच गेजने मोजली आणि त्याच रस्त्याने दोन दोन फेऱ्या मारल्या. लोणी गायब! बारीक खरखर टायटॅनियमवर किंचित कमी लागते, इतकंच म्हणेन. बाकीचा मऊपणा टायरचा होता, आणि महिनाभर मी त्याचं श्रेय धातूला देत होते. तुमच्या कार्बन फ्रेममध्ये 32 चा टायर बसत असेल तर आधी तो लावून बघा. दोन लाख वाचतील.

उभं राहून जोर मारला की उलटी गंमत दिसते. कार्बनमध्ये धाग्यांची दिशा ठरवून पेडलजवळ कडक आणि सीटजवळ लवचीक असं करता येतं. धातूला हाताशी फक्त नळीची जाडी, घेर आणि आकार. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा, म्हणून नळ्या जाड घेराच्या करतात. तरीही शेवटच्या चढावर जुनी सायकल पायाखालून झेपावायची, ही जरा आळस देऊन निघते. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी कार्बनच घ्यावी, माझं स्पष्ट मत.

फ्रेम आल्यावर सांधे निरखून बघा. जोडताना आतून-बाहेरून आरगॉन वायू सोडावा लागतो. हवा लागली की सांधा ठिसूळ होतो आणि त्याचा रंग निळा-राखाडी पडतो. चकचकीत रुपेरी सांधा हवा.

पावसाळा सुखाचा गेला. गंज नाही, रंग नाही, त्यामुळे रंग उडण्याची भीतीही नाही. कासची जांभ्याची लाल माती पाण्याने धुतली की झालं. एकदा गेटला घासून चरा पडला, तो भांड्यांच्या हिरव्या घासणीने नळीच्या रेषांच्या दिशेने घासला आणि गेला. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, “थांब गं, पितांबरी देते.” त्यांच्या मते ही सायकल म्हणजे महागडी कळशी आहे.

पण पावसाळ्यानेच मला धडाही दिला. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची फ्रेममध्ये जाणारी दांडी, ॲल्युमिनियमचा होता आणि मी त्याला साधं ग्रीस लावलं होतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, की ॲल्युमिनियम फुलून चिकटतं. ऑक्टोबरात सीट अर्धा सेंटिमीटर वर घ्यायला गेले तर ढिम्म हलेना. गल्लीतला रिक्षाचा मेकॅनिक म्हणाला, “ताई, दोन मिनटं गॅस मारतो, लोण्यागत निघंल.” मी हात जोडले. ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या अडीच पटीहून जास्त फुगतं, तापवलं असतं तर आणखी घट्ट बसलं असतं. गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली, पोस्टभोवती कापडात बांधून अर्धा तास ठेवली. मग मेकॅनिकने सीट धरली, मी फ्रेम धरली, आणि कर्रकन आवाज करत तो फिरला. बाहेर आला तेव्हा पोस्टवर पांढरी भुकटी जमली होती. आता कॉपर पेस्ट लावते आणि दर संकष्टीला पोस्ट काढून पुसते. तिथी ठरलेली असली की विसर पडत नाही.

भाचीने दिवाळीत महिनाभर अदलाबदल करू या म्हणून हट्ट धरला. तिची उंची पाच फूट सहा. सीट पार वर काढून बोळातून एक फेरी मारली आणि परत आणून लावली. म्हणाली, “मावशी, ही तू विकायला काढलीस तर घेणार कोण?”