पाठ टेकून चालवायची सायकल: ज्येष्ठांसाठी कितपत सोयीची?

व्यायामाच्या सायकलवर पेडल मारताना ज्येष्ठांना पडण्याचा धोका कमीच. खरी भीती चढता-उतरताना. उभ्या सायकलवर एका पायावर तोल सांभाळून दुसरा पाय पलीकडे टाकावा लागतो. रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून चालवायच्या सायकलवर ही कसरत टळते. सीट खुर्चीच्या उंचीची, जमिनीपासून साधारण 45 ते 50 सेंटिमीटरवर हवी. सीट आणि पेडल यांच्यामधली जागा मोकळी आहे का, हे आधी पाहा. काही मॉडेलांत तिथे फुगीर दांडा आडवा येतो, आणि पाय जेमतेम उचलणाऱ्याचा बूट नेमका तिथेच अडकतो. असं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

सीट मागेपुढे करायचा खटका बसल्या बसल्या हाताला लागला पाहिजे. अनेक सायकलींत सीटखाली गोल नॉब असतो: तो सैल करा, ओढून धरा, मग सीट सरकवा. संधिवाताने आखडलेल्या बोटांना हे जमत नाही. मग माणूस चुकीच्या अंतरावरच पेडल मारत राहतो आणि गुडघा कुरकुरायला लागतो. लांब दांडीचा खटका एका हाताने उचलता येतो, तोच घ्यावा. पेडल सर्वांत लांब असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकलेला असला की अंतर बरोबर.

क्रँककडे, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असतं त्या फिरत्या दांड्याकडे, मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही, अनेक बनवणारेसुद्धा. 170 मिलिमीटरचा क्रँक सर्रास बसवलेला असतो. पेडल जवळ आलं की ताठर गुडघ्याला तो झेपेल त्याहून जास्त वाकवतो, आणि सीट मागे नेली तर पाय पुरत नाही. 140 ते 150 मिलिमीटरचा क्रँक बसवता येईल का, हे विकत घेण्याआधीच विचारा.

पेडल जड करणारा ताण चुंबकीय असावा. पट्टा घासून ताण देणाऱ्या प्रकारात पट्टा झिजला की पेडल झटके देतं. सर्वांत खालच्या पातळीवर पेडल हाताने फिरवून पाहा. तिथेच जड लागलं तर अशक्त पायांना ते चालणार नाही.

पडद्यावरच्या नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नका. बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात. ठरावीक आकडा गाठायच्या नादात जास्त जोर लावला जातो. वाक्य पूर्ण बोलता येईल इतपतच दम लागू द्यावा.

या सायकलवर तोल फारसा सुधारत नाही. त्यासाठी खुर्चीवरून उठ-बस आणि भक्कम आधाराला धरून एका पायावर उभं राहण्याचा सराव वेगळा करावा लागतो.