स्ट्रोकनंतरची रोबोट थेरपी: २४ सेशन्स, ३६ हजार रुपये आणि अण्णांचा उजवा हात

सेंटरचं नाव लिहीत नाही, मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि कुणाशी भांडणही नको. पुण्यातलं आहे एवढं पुरे. स्ट्रोकनंतर रोबोट थेरपीने हात खरंच परत येतो का, हा प्रश्न घेऊन मी रात्र रात्र मोबाईल चाळलाय आणि जे मिळालं ते एकतर जाहिरात नाहीतर "आमच्या काकांना फरक पडला" एवढंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६८, एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपो. जूनमध्ये सकाळी चहा पिताना कप हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, आईला वाटलं पित्त झालंय, तिने लिंबू सरबत करून दिलं आणि झोपवलं. ह्यात दोन तास गेले. तो स्ट्रोक होता, म्हणजे लकव्याचा झटका. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. शेजारचा मुलगा सहज पेपर द्यायला आला, त्याने तोंड बघितलं आणि रिक्षाच आणली दारात, म्हणून वेळेत पोचलो. बोलणं पंधरा दिवसांत बरंचसं परत आलं. उजवी बाजू मात्र लुळीच राहिली.

मग भेटायला येणाऱ्यांचे सल्ले सुरू. अमुक गावात मंगळवारी औषध देतात, तमुक तेल चोळा, आणि एका मामांनी तर कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणून सांगितलं, तेही इतकं मनापासून की आई कबुतर कुठे मिळेल विचारायला लागली. मी तेव्हाच ठरवलं की ह्यांना पुण्याला आमच्याकडे घेऊन यायचं.

सेंटरमध्ये पहिल्या दिवशी हसावं की रडावं कळेना. लकव्याच्या पेशंटसाठीचं सेंटर पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट एवढीशी की व्हीलचेअरचे पाय ठेवायचे पत्रे काढले तरच आत जाते. बाथरूममध्ये धरायला दांडा नाही. लाखो रुपयांचं मशीन स्वित्झर्लंडवरून आणलंय म्हणतात आणि हजार रुपयाचा दांडा भिंतीला ठोकायला ह्यांना जमलं नाही. (तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी लागला, पण डाव्या बाजूला लागला असता तर अण्णांना उपयोग झाला असता.)

पॅकेज २४ सेशन्सचं, ३६ हजार, सगळे आधी भरायचे. आमच्या मेडिक्लेममध्ये ॲडमिट असतानाचा खर्च मिळाला, घरी आल्यावरच्या थेरपीचा एक रुपया नाही. मी बँकेत असून पॉलिसीतलं ते कलम वाचलं नव्हतं, तुम्ही वाचून ठेवा.

आता मशीन्स. मुख्य म्हणजे हाताचा रोबोट. रोबोट म्हटल्यावर अण्णांना वाटलं होतं माणसासारखं काहीतरी चालत येणार, प्रत्यक्षात टेबलावर बसवलेला एक लोखंडी दांडा, त्याला मूठ, मुठीला हात पट्ट्याने बांधायचा आणि समोर स्क्रीन. स्क्रीनवर फळं पडतात, हात सरकवून टोपलीत झेलायची. हात जिथे अडतो तिथे मशीन थोडा जोर लावून पुढे नेतं, आणि किती जोर तुम्ही लावला किती त्याने, हे कोपऱ्यात टक्क्यात दिसतं. पहिल्या दिवशी मशीन ८० टक्के, अण्णा २०. अण्णा म्हणाले, "म्हणजे मी विनातिकीटच चाललोय की."

ह्या मशीनचा खरा फायदा एकच, ते मोजतं. आमच्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला हे नीट समजावलं. मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो, मात्र त्यासाठी तीच हालचाल शेकड्यांनी करावी लागते. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात साध्या थेरपीच्या सेशन्समध्ये बसून मोजलं होतं तर हाताने कामाची हालचाल सरासरी फक्त ३२ वेळा होत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगात हेच शेकड्यात करून घेतात. साताऱ्यात घरी जो मुलगा यायचा तो दहा वेळा हात वर, दहा वेळा खाली, मग मोबाईल. इथे पहिल्याच दिवशी आकडा १८६, आणि अण्णांना आकड्यांची सवय, आयुष्यभर रात्री डेपोत हिशोब जुळवूनच घरी आलेला माणूस, त्यामुळे कालच्यापेक्षा आज कमी झालेले त्यांना चालायचंच नाही. सहाव्या सेशनला ३०० पार.

आणि मग मॅडमनी चोरी पकडली. अण्णा हात पुढे न्यायच्या ऐवजी कमरेतून अख्खे पुढे वाकत होते, खांदा उचलून ढकलत होते, दांडा सरकला की मशीन बापडं मोजून मोकळं. स्क्रीनवर "एक्सलंट" येतंय, फळं टोपलीत पडतायत आणि कोपर काही सरळ होत नाहीये. मॅडमनी त्यांच्या छातीला पट्टा लावून पाठ खुर्चीला टेकवली आणि आकडा ३१० वरून थेट १४० वर आला. अण्णा दोन दिवस रुसले. पण कोपर त्यानंतर उघडायला लागलं, त्याआधी नाही.

पुढचं वाक्य मी ह्या अख्ख्या रिव्ह्यूमधलं सगळ्यात महत्त्वाचं समजते. मशीनचं नाव विचारू नका, मशीनशेजारी कोण उभं राहणार ते विचारा, आणि ते माणूस एका वेळी किती पेशंट बघतं ते विचारा.

कारण दीड महिन्याने त्या मॅडम सोडून गेल्या. त्यांच्या जागी एक शिकाऊ मुलगी, वागायला गोड पण तीन मशीन्स आणि तीन पेशंट एकटीकडे. पट्टा कधी लागायचा कधी नाही. आकडे झकास, शेवटच्या आठवड्यात तर ५४०, पण घरी ग्लास उचलायला सांगितला की पहिल्या महिन्यात जेवढा यायचा तेवढाच. मी मॅनेजरना विचारलं तर ते रंगीत ग्राफ छापून घेऊन आले. ग्राफ वर जात होता हे खरंय हो, पण मला हात वर जायला हवा होता.

नंतर मी वाचत बसले तेव्हा कळलं की हे आमच्यापुरतंच नाही. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात अमेरिकेतल्या एमआयटीत जन्मलेला हातासाठीचा रोबोट वापरला होता, आठवड्यातून तीनदा पाऊण तास, १२ आठवडे. नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात ठळक फरक निघाला नाही. म्हणजे मशीन वाईट असं नाही, पण "रोबोटमुळे हात परत येतो" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर चहा पिऊन निघा.

पायासाठी ट्रेडमिल. वरून पट्ट्यांनी माणसाला टांगतात, अर्धंअधिक वजन पट्ट्यांवर, खाली पट्टा हळू हळू सरकतो. अण्णांना पहिल्या दिवशी जत्रेतल्या पाळण्यात बसवल्यासारखं वाटलं, पण पडायची भीती गेली हे मात्र नक्की, आणि भीती गेली की माणूस पाय टाकतो. चालू करायला दोरी ओढल्यासारखा डावा हात वर करून "डबल बेल!" म्हणायचे, सगळं सेंटर हसायचं. पण ह्याबाबतीतही अमेरिकेतला २०११ चा अभ्यास आहे, ४०८ पेशंटचा, त्यात घरी थेरपिस्टकडून नीट व्यायाम करून घेतलेले लोक वर्षभराने ट्रेडमिलवाल्यांच्या बरोबरीनेच चालत होते. त्यामुळे गावाकडे ही सोय नाही म्हणून जीव जाळायचं कारण नाही.

पाऊल लोंबायचं त्याला नडगीवर पॅड चिकटवून करंट देतात, पाऊल टाच उचलताना बरोबर वर येतं. बघायला जादू वाटते. आम्हाला उपयोग झाला, चप्पल घासत चालणं कमी झालं. पॅड दीड बोट इकडे तिकडे लागलं तर पाऊल वाकडं वळतं, त्यामुळे योग्य जागी पेनाने खूण करून घ्या.

व्हीआरचा गॉगल (डोळ्यांवर लावला की आपण खेळाच्या आतच आहोत असं दिसतं तो) दोनदा लावला, अण्णांना गरगरलं, बंद. शिवाय आतली बाई सारखी इंग्लिशमध्ये "रीच फॉर द बॉल", अण्णा मला विचारतात काय म्हणतेय, मी बाहेरून ओरडून सांगतेय "बॉल धरा, बॉल". पुण्यात धंदा करताय, मराठी आवाज टाकायला काय जातंय? गेमच्या बाबतीतला २०१६ चा एक अभ्यास तर मला फारच आवडला. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची तुलना पत्ते, बिंगो असल्या साध्या खेळांशी केली, १४१ पेशंट, आणि दोन्हीकडे हात सारखाच सुधारला. मी हे आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग तो चष्मा कशाला, घरात तीन कॅट पडलेत.

माझी स्वतःची चूक पण सांगते. मध्येच उत्साहात मी ऑनलाइन रोबोटिक ग्लोव्ह मागवला, १४ हजारांचा, हवेच्या नळ्या असलेला, तो फुस्स फुस्स करून बोटं उघडतो मिटतो. बोटं हलतात पण अण्णा टीव्ही बघत बसलेत आणि ग्लोव्ह आपलं आपलं चाललंय. बोटांचा ताठरपणा कमी व्हायला थोडी मदत होते, बाकी शून्य. आता कपाटात आहे. आयआयटी मद्रास आणि वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने मिळून हातासाठी प्लूटो नावाचं छोटं यंत्र केलंय, एकच मोटर आणि मुठी बदलून मनगट, बोटं असं वेगवेगळं करता येतं, आम्ही वापरलेलं नाही, पण ग्लोव्ह घ्यायच्या आधी त्याची चौकशी करायला हवी होती असं आता वाटतं.

खरं काम केलं ते दुसऱ्याच यंत्राने. मॅडम जायच्या आधी एकदा अण्णांना सहज म्हणाल्या, "काका, ह्या हाताने तुम्ही आयुष्यभर काय केलंत?" अण्णांनी डाव्या हाताने पंच करून दाखवला. तिकीट मशीन यायच्या आधी तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा, टिक टिक करत कंडक्टर गाडीभर फिरायचा तो. माझ्या नवऱ्याने रविवारी जुन्या बाजारात जाऊन भंगारातून एक शोधून आणला, स्प्रिंग घट्ट होती, तेल घालून सैल केली. मॅडमनी तो टेबलावर ठेवला आणि नुसतं म्हणाल्या, एक सातारा द्या. अण्णांनी उजवा हात उचलून पंचाकडे नेला, बोटं नीट बसली नाहीत, अंगठा आत अडकला, डाव्या हाताने तो बाहेर काढला, आणि दाबलं. भोक पडलं नाही, कागद नुसता चुरगळला. पण मनगट वर आलं होतं, जे रोबोटवर एकदाही आलं नव्हतं. त्या दिवसापासून घरातली सगळी जुनी लाइट बिलं भोकाभोकांची झालीत.

आणखी एक, हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं. माणसाला उठवताना लकव्याचा हात धरून ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो. साताऱ्यात आमच्याकडून हे झालं आणि खांदेदुखीमुळे चार सेशन्स पाण्यात गेली. त्याचे सहा हजार मी आमच्याच नावावर मांडते.

मशीन पाच दिवस बंद होतं तेव्हाची दोन सेशन्स मात्र सेंटरने "मॅन्युअल थेरपी" म्हणून मोजून टाकली, भांडून एक परत मिळालं. पैसे भरताना हे लिहून घ्या.

मग जावं का? झटका येऊन थोडेच महिने झाले असतील, पेशंट कंटाळत असेल आणि शेजारी अनुभवी थेरपिस्ट पूर्ण वेळ उभा राहणार असेल तर जा, महिनाभराचं घ्या, तीनाचं नको. ऐपत नसेल तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, १९५५ पासूनची, तिथे आधी विचारा. पाचपैकी पहिल्या दीड महिन्याला चार स्टार, नंतरच्याला दीड, लिफ्टला शून्य.

दुसरं पॅकेज आम्ही घेतलं नाही. आठवड्यातून तीनदा थेरपिस्ट घरी येतो, ५०० रुपये, छातीचा पट्टा आम्ही जुन्या ओढणीचा केलाय. अण्णा काठी घेऊन सोसायटीत दोन चकरा मारतात. चहाचा कप अजून डाव्या हातातच आहे. संध्याकाळी बदाम सात असतं, पानं लाकडी स्टँडवर लावलेली, टाकायची मात्र उजव्याच हाताने असा नियम आहे. एक पान टाकायला त्यांना मिनिट लागतं, आम्ही थांबतो, आणि एवढं थांबून ते पास म्हणतात, कारण किलवरची अठ्ठी दाबून बसलेले असतात.