मेटाबॉलिक ओपीडी: पाचपैकी चार तारे, एक फोनसाठी कापला

मुलगी अडीच वर्षांची. धावायची, ती भिंत धरून चालू लागली. 'आई', 'पाणी' म्हणायची, तेही थांबलं. फिट्सची दोन औषधं चालू असूनही झटके येतच होते. तोंडाभोवतीच्या चट्ट्यांसाठी वेगळे डॉक्टर, वेगळं मलम. केस विरळ झाले होते, ते तर मी कुणाला सांगितलंही नव्हतं. फिट्सपुढे केसांचं काय!

इथे, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांच्या बिघाडांच्या या ओपीडीत, पहिलाच प्रश्न आला: "तिला हे कधी जमतच नव्हतं, की जमायचं आणि गेलं?" मोबाइलमधले जुने व्हिडिओ डॉक्टरांनी नीट पाहिले. मग डोक्यावरची त्वचा बघितली, चट्टे बघितले. दोन्ही घरांच्या तीन पिढ्या लिहून घेतल्या. नात्यात लग्न झालंय का, कुणाचं तान्हं बाळ गेलं होतं का, सगळं विचारलं.

संशय बायोटिनिडेझच्या कमतरतेचा. अन्नातलं बायोटिन (एक बी-व्हिटॅमिन) सुटं करणारं आणि शरीरातलं पुन्हा वापरात आणणारं हे एन्झाइम. रक्त आणि लघवी घेतली आणि रिपोर्टची वाट न बघता त्याच दुपारी १० मिलिग्रॅम बायोटिन सुरू केलं. लघवी आधीच का घ्यायची, हेही समजावलं: औषध पोटात गेलं की लघवीतल्या खुणा नाहीशा होतात. पुढे रिपोर्ट आला, एन्झाइम सामान्याच्या १० टक्क्यांहून कमी.

तिसऱ्या दिवसानंतर झटका आलेला नाही. चट्टे गेले, केस आले, चालणं हळूहळू परतलं. ऐकू मात्र कमीच येतं, यंत्र लावलंय. गेलेलं ऐकणं बहुधा परत येत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तेव्हा राग आला होता मला.

धाकट्याचीही तपासणी लगेच करायला लावली. प्रत्येक भावंडाला २५ टक्के शक्यता असते म्हणे. त्याचंही एन्झाइम कमी निघालं, पण लक्षण एकही नव्हतं. तोही आता रोज गोळी घेतो.

तारा कापला तो अपॉइंटमेंटच्या फोनसाठी. "नवीन पेशंट तीन आठवड्यांनी." मूल जमायचं ते विसरतंय का, एवढं एक वाक्य तिथे कुणी विचारलं नाही. फिट्सच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन नवरा दारात उभा राहिला, म्हणून आठवडाभरात नंबर लागला.

आणि हो, बायोटिन चालू असताना थायरॉइड वगैरे तपासायचं असेल तर लॅबला आधी सांगा, आकडे चुकू शकतात. इथल्या सिस्टरनी हे फाइलच्या पुठ्ठ्यावरच मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.