अभिनयाचं वीकेंड वर्कशॉप : साडेसात हजार वसूल झाले का?

पणजीत मध्यंतरी जे अभिनयाचं वर्कशॉप झालं ते तू केलंस ना, कसं आहे, पैसे घालू का, असं आत्तापर्यंत तिघांनी विचारून झालं. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. नाव घालत नाही, कारण थोड्या तक्रारी आहेत आणि गोवा केवढासा तो, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझ्याविषयी आधी सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते समजेल. फोंडा तालुक्यातला, नोकरी बँकेत, आणि गेली बावीस वर्षं गावच्या जत्रेच्या नाटकात काम. ऐतिहासिक असेल तर सरदार, पौराणिक असेल तर राक्षस ठरलेला. आमच्या गावात आवाज मोठा असला की माणूस नट झालाच समजायचं. तर असा माणूस तीन शनिवार-रविवार सकाळी दहा ते पाच एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसला, अर्धा वेळ स्टेज, अर्धा वेळ कॅमेरा. बॅचमध्ये बहुतेक पोरं पंचवीसच्या आतली, सगळ्यांना कॅमेराच हवा. २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत व्हायला लागला तेव्हापासून इथे दर दुसऱ्या पोराला सिनेमात जायचंय, त्यात चूक काय म्हणा.

कॅमेऱ्याचा भाग शिकवायला एक मॅडम होत्या, त्यांना माझ्याकडून दहापैकी दहा. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवलं, समोर एक मुलगी, सीन असा की भाऊ बहिणीला सांगतो की बाबांनी भाट, म्हणजे माडांची बाग, विकलं. दोनच मिनिटांचा सीन. मग टीव्हीवर लावून दाखवला आणि मला घाम फुटला, नाकपुड्या फुगतायत, भुवया कपाळात, बहीण दोन हातांवर बसलीय आणि मी जणू भर दरबारात फर्मान वाचतोय. मॅडम एवढंच म्हणाल्या, "काका, ती जवळ आहे हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरी गंमत केली. मला न सांगता तिला वाक्यं बदलायला लावली. ती म्हणाली "मला माहीत होतं", आणि मी आपला पाठ केलेलं उत्तर देऊन मोकळा, "अगं रडू नकोस". ती रडतच नव्हती! सगळा हॉल हसला. मीही हसलो पण घरी येताना कदंबा बसमध्ये बसल्यावर डोक्यात लख्ख पडलं की आपण समोरच्याचं कधी ऐकतच नाही. कारण आमच्याकडे प्रॉम्प्टर असतो. तालमी पंधरा-वीस, त्यात अर्धी नटमंडळी ड्युटीवरून उशिरा येणार, पाठांतर निम्मं, मग विंगेत पुस्तक घेऊन एकजण सगळं नाटक पहिल्यापासून वाचतो आणि आम्ही ते झेलून पुढे फेकतो. बावीस वर्षं माझे डोळे समोरच्या नटाकडे आणि कान विंगेत. त्या एका गोष्टीसाठीच मला पैसे वसूल वाटतात, खरं सांगतो.

बाकी कॅमेऱ्याचे बारीकसारीक धडे पण भरपूर मिळाले. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघितलं तर पडद्यावर आपली बुबुळं भिरभिरतात, म्हणून कॅमेऱ्याजवळचा एकच डोळा धरायचा. जमिनीवर टेपची खूण असते, खाली न बघता बरोबर तिथे थांबायचं, नाहीतर फोकस जातो. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोललात तर एडिटरला कापता येत नाही. आणि तो चहाचा कप! लांबच्या शॉटमध्ये 'पण' म्हणताना कप उचललात की जवळच्या शॉटमध्येही 'पण'लाच उचलायचा, मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांवर उचलला आणि तिसऱ्यांदा तर चहाच संपला होता. वर सीन उलटसुलट शूट होतात, शेवट आधी आणि सुरुवात मागाहून, त्यामुळे राग कुठपर्यंत चढलाय त्याचा हिशेब नटाने स्वतः ठेवायचा. बँकेतला माणूस म्हणून हे मला बरं जमलं.

आता स्टेजचा भाग. इथे मार्क कापतो. शिकवणारे सर मुंबईहून येत, वाचन दांडगं. मॉस्को आर्ट थिएटर १८९८ला कसं सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांपैकी रशियन दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीचं 'जर मी या परिस्थितीत असतो तर', मग भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातले आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावनेचा) असे चार अभिनय, सगळं झकास सांगितलं. त्यात एक मुद्दा मला फार आवडला, की सात्त्विक भावांत घाम, रोमांच, चेहऱ्याचा रंग उडणं हे सगळं येतं, आणि रंग उडालेला चौथ्या रांगेतून कसा दिसणार, पण क्लोजअपमध्ये दिसतो. हे म्हणजे भरतमुनींनी कॅमेऱ्यासाठीच लिहून ठेवलंय.

पण मग कुणीतरी ओव्हर करायला लागलं की सरांचं ठरलेलं वाक्य, हे काय जत्रेतलं नाटक आहे का. पहिल्यांदा हसलो, चौथ्यांदा डोकं सटकलं. अहो सर, तुम्ही कधी त्या मंडपात रात्री दोनला उभे राहिलायत का? तीन बाजूंनी माणसं, बाहेर फेरी म्हणजे जत्रेची दुकानं, खाजेंवाला ओरडतोय, जनरेटर धडधडतोय, पुढे पोरं झोपलीयत आणि मागे माडाखाली बाप्ये उभे, माईक आहे पण वर टांगलेला, त्याच्याखालून जाल तेवढाच आवाज. तिथे टीव्हीसारखं पुटपुटलात तर तिसऱ्या रांगेतली आजीच सांगेल 'मोठ्यान उलय रे'. तिथे शब्दाचं शेवटचं अक्षर मुद्दाम ठोकावं लागतं, नाहीतर 'जातो' की 'जाते' तेच कळत नाही. हशा आला की तो उतरायला लागेपर्यंत थांबावं लागतं. हे आम्ही पुस्तकातून नाही शिकलो. जास्त की कमी हे प्रेक्षक किती लांब बसलाय त्यावर ठरतं, कॅमेरा हातभर लांब, आजी चाळीस फुटांवर. हे मॅडमना न सांगता कळत होतं, सरांना नाही. माझ्या मते स्टेजचे तीन दिवस त्यांनी आम्हाला जरा जास्त बसवून ठेवलं, उभं कमी केलं.

व्यवस्थेचं थोडक्यात. जाहिरातीत बारा जणांची बॅच, प्रत्यक्षात अठरा, म्हणजे कॅमेऱ्यासमोर प्रत्येकाचा वेळ तेवढा घटला. एसी एकच, शूटच्या वेळी आवाज येतो म्हणून तोही बंद, मे महिन्यात! जेवण आपलं आपण, खाली पातळभाजी-पाव चांगला मिळायचा. पार्किंग विसरा. आणि जो व्हिडिओ पंधरा दिवसांत देणार होते तो दोन महिन्यांनी आला, त्यात माझं आडनाव चुकलेलं, तीनदा मेसेज केला, अजून तसंच आहे.

तर घ्यायचं का? ऑडिशन द्यायच्या असतील तर जरूर घ्या, फक्त बॅच किती जणांची ते आधी लिहून घ्या. नुसतं स्टेजसाठी जात असाल तर त्यापेक्षा गावातल्या तालमीला रोज वेळेवर या, फुकट आहे.

हां, आणि यंदाच्या जत्रेला मी वर्कशॉप लावून बघितलं. संपूर्ण पाठांतर केलं, मुलाच्या मरणाची बातमी आली तेव्हा विंगेकडे कान न देता दूताचं नीट ऐकलं आणि गप्प राहिलो, चांगला मोठा पॉज. मंडप पण गप्प. आणि प्रॉम्प्टरला वाटलं याला आठवत नाही, बिचारा आधी हळू, मग जोरात, मग पुस्तक घेऊन अर्धा विंगेबाहेर येऊन खच्चून ओरडला, "हाय रे दैवा! हाय रे दैवा म्हण रे!"